साडी लाल हवी

मी जन्मात एकही फोटो काढलेला नाही. कॅमेऱ्याचं बटण कुठे असतं तेही मला धड सांगता यायचं नाही. तरी मुलुंडच्या एका फोटो स्टुडिओत मी बावीस वर्षं नोकरी केली, आणि आमच्या भागातल्या निम्म्या सुना माझ्या हातून गेल्या असं लोक म्हणतात. आता लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? माझं काम एकच. लग्नासाठी दाखवायचा फोटो काढायला मुली यायच्या, त्यांना मी साडी नेसवायची, पावडर लावायची आणि "हस गं बाई जरा, फाशी नाही द्यायची तुला" असं सांगायची.

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, स्टुडिओतल्या गमतीजमती लिहा. लिहिते. पण एक प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय, कधी तोंडावर, बऱ्याचदा पाठीमागे: एवढ्या पोरींना उजवलंस, मग तूच कशी राहिलीस गं? सत्तरी उलटली आता. गुडघे रोज सकाळी कुरकुरतात, आणि लपवाछपवीचाही कंटाळा आलाय. तेव्हा त्याचंही उत्तर देऊन टाकते.

आम्ही मूळचे कुडाळकडचे सावंत. वडील आधी गिरणीत होते, मग मुलुंडच्या एका कारखान्यात लागले म्हणून आम्ही इकडे चाळीत राहायला आलो. मी अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत मला सात ठिकाणी दाखवून झालं होतं. सातही ठिकाणांहून फोटो परत, म्हणजे नकार. "मुलगी सावळी आहे" असं सभ्य भाषेत कळवायचे. एका बाईंनी मात्र आमच्याच घरात, आमचेच पोहे खाता खाता, "फोटोत एवढी काळी वाटली नव्हती हो" म्हणून सांगितलं. तिचं काही चुकलं नाही, खरं तेच बोलली. पण त्यानंतर मी आईला सांगितलं, आता पुरे.

स्टुडिओचे मालक नाना केळुसकर. टक्कल, तोंडात तंबाखू, माणूस देवासारखा. त्यांची अडचण अशी की मुली लाजायच्या. निऱ्या विस्कटल्या, पदर खांद्यावरून सरकला, तर तो सरळ कोणी करायचा? एकदा नाना एका मुलीचा पदर लांबून छडीनं सरळ करत होते, ते नेमकं त्यांच्या बायकोनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला नोकरी लागली.

सुरुवातीला फोटो काळे-पांढरे. त्यात लाल साडी काय आणि हिरवी काय, सगळं राखाडी. मुलगी येताना जे नेसून येईल ते चालायचं. मग ऐंशीच्या सुमारास रंगीत फोटोचं वेड आलं. मुलाकडचे निरोप पाठवायला लागले, "फोटो रंगीत पाठवा." आता आमच्याकडे येणाऱ्या मुलींकडे रंगीत फोटोत शोभेलशी साडी असायची कुठून? आईची लग्नातली नेसायची तर ती घड्यांवर विरलेली. म्हणून नानांनी स्टुडिओसाठी एक साडी आणली. लालभडक. ओल्या कुंकवाचा असतो ना, तो रंग. बारीक जरीचा काठ. तिच्यावरचा ब्लाउजही एकच, आणि तो पाठीमागून उभा कापून त्याला बंद लावले होते. बारीक मुलगी आली की बंद आवळायचे, अंगानं भरलेली आली की सैल सोडायचे. निऱ्यांना मागून कपडे वाळत घालायचे चाप. समोरून राणी आणि पाठीमागून गाठोडं. पाठ कोण बघतंय?

त्या साडीनं काय जादू केली ते मला पहिल्यांदा कळलं विजयाच्या वेळी.

विजया भांडुपची. रंगानं माझ्यासारखीच. तिच्या आईनं पिस्ता रंगाची साडी आणली होती आणि हट्ट धरून बसली होती. "आमची सावळी आहे, लाल भडक दिसेल तिला." नाना म्हणाले, ठीक आहे, दोन्ही काढू. एक पिस्ता साडीत, एक लाल साडीत. तिच्या वडिलांनी दोन्ही फोटो एकाच पाकिटात घालून मध्यस्थाला दिले, आणि त्या शहाण्यानं ते पाकीट तसंच्या तसं घाटकोपरला मुलाकडे पोचवलं. आठवड्यानं पोस्टकार्ड आलं: "आपल्या थोरल्या कन्येविषयी क्षमस्व. धाकटी मात्र चिरंजीवांस फार आवडली."

विजयाला बहीणच नव्हती!

वडील कार्ड घेऊन घामाघूम होऊन स्टुडिओत आले. आता काय कळवू? नानांनी तंबाखूची पिंक टाकली आणि म्हणाले, "कळवा, थोरलीचं दुसरीकडे जमलं." आणि खरंच तसं कळवलं. लग्न झालं, आम्ही जेवून आलो. पुढे वर्षभर नवरा विचारायचा म्हणे, तुझी ताई आपल्याकडे कधीच कशी येत नाही?

तेव्हापासून मी बघायला लागले. स्टुडिओच्या दारात काचेचं कपाट होतं, त्यात तीन मुलींचे फोटो लावलेले. एक निळ्या साडीतली, एक पिवळ्या, एक लाल. मी काउंटरमागे बसून रस्ता बघायची. बायका यायच्या त्या काठ बघायच्या, दागिने बघायच्या आणि मग एकमेकींना कोपर मारायच्या. पुरुष चालता चालता निळीवरून, पिवळीवरून जायचा आणि लाल साडीपाशी त्याचं पाऊल जड व्हायचं. मी फोटोंच्या जागा बदलून पाहिल्या. मुली बदलून पाहिल्या. पाऊल अडायचं ते लालपाशीच. आतमध्ये पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्यांना मी मुद्दाम विचारायची, "कुठली मुलगी छान वाटते हो?" ते लाल साडीतली दाखवायचे. का? तर म्हणे डोळे बोलके आहेत. अरे बाबा, डोळे कसले? साडी आहे ती! पण त्याला खरंच तसं वाटायचं. त्याला लाल दिसायचं आणि आवडली मुलगी असं वाटायचं. यात त्याचा लबाडपणा नव्हता, एवढं पुरुषांच्या बाजूनं सांगायला हवं.

आमचं नाव झालं. ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतच्या मुली यायला लागल्या. "लाल साडीवाल्या बाई आहेत का?" म्हणून मला विचारायच्या. मी पण शेफारले. मुलींच्या आयांना ऐटीत सांगायची, "पुरुषाला काही कळत नाही हो मावशी. त्याला फक्त लाल दिसतं."

ही कीर्ती ऐकून बोरिवलीहून एक मुलगा आला, बँकेत कारकून. भर वैशाखात लाल लोकरी स्वेटर घालून. नानांनी समजावलं, मी समजावलं, ऐकेना. "मुलींना लाल चालतं, मग मुलांना का नाही?" दिव्यांच्या उजेडात बिचारा घामानं निथळत होता, मी तीनदा तोंड पुसलं. फोटो गेला. मुलीकडून उत्तर आलं, "मुलाची प्रकृती बरी असते ना?" बायकांवर लाल चालत नाही असं मी तेव्हा ठरवून टाकलं. आता वाटतं, स्वेटर नसता तर चाललंही असतं.

सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं. हेमा म्हणून एक मुलगी होती, फोटोवरच पसंत झालेली. वर्षभरानं स्टुडिओत आली. अंगावर साधं सुती लुगडं, चेहरा उतरलेला. मला म्हणाली, "ताई, ती लाल साडी कुठल्या दुकानातली? मला तश्शीच घ्यायचीय."

"का गं? एकदम लालच?"

"हे सासूबाईंना म्हणतात, फोटोत पसंत केली ती कुठे गेली? ही कोण आणलीस घरात?"

मी दुकान सांगितलं. आणखी काय सांगणार होते? पुढे चार-सहा महिन्यांनी ती दिसली, लाल साडी नेसून हातात भाजीची पिशवी घेऊन चालली होती. दुपारी बाराच्या उन्हात, एकटी. मी हाक मारली नाही. मला लाज वाटली. त्या दिवसापासून साडी नेसवताना माझ्या तोंडची ती बडबड कमी झाली, पण नेसवायचं काही थांबलं नाही. पोट होतं ना.

आता तावड्यांबद्दल सांगते.

रंगीत फोटो आमच्याकडे धुतले जात नसत. त्याला वेगळी लॅब लागायची. आमच्या निगेटिव्ह साकीनाक्याला एका लॅबमध्ये जायच्या. कारखान्यांच्या गाळ्यांमध्येच एक गाळा, आत काळोख आणि रसायनांचा वास. तिथे वसंत तावडे म्हणून प्रिंटर होते. ते राहायला भांडुपला, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी घरी जाताना वाकडी वाट करून आमची पाकिटं आणून द्यायचे आणि नवी घेऊन जायचे. चौतीस-पस्तीस वय, तीन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. रसायनांनी नखं पिवळी झालेली. पहिल्याच महिन्यात माझ्याशी भांडले.

"बाई, तुमच्या त्या साडीनं माझी वाट लागलीय."

"का? काय केलं साडीनं?"

मग त्यांनी मला ते काम समजावून सांगितलं, ते मी तुम्हाला सांगते. रंगीत निगेटिव्हवरून फोटो उतरवताना रंग आपोआप बरोबर येत नाहीत. प्रिंटर आधी कागदाची बारकीशी पट्टी काढून बघतो, चेहरा हिरवा आलाय का निळा, मग त्याप्रमाणे रंग कमी-जास्त करतो, पुन्हा पट्टी काढतो. आता आमची साडी एवढी लाल की तिचाच उजेड मुलीच्या गळ्यावर, हनुवटीवर पडायचा.

"चेहरा माणसाचा करायला जावं तर साडी विटकरी होते," तावडे म्हणाले. "साडी लाल ठेवावी तर चेहरा तांबडा. दोन्ही नाही जमत. काय ठेवू सांगा. साडी ठेवू की माणूस ठेवू?"

"साडी ठेवा."

"आणि माणूस?"

"चेहरा तांबूस आला की लोकांना गोरा वाटतो. आपलं काय जातंय?"

ते म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक, तुमचं राज्य." त्या दिवसापासून मी प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहायला लागले: साडी लाल हवी. आणि तावडे मुकाट्यानं साडी लाल ठेवायला लागले.

पण मंगळवार-शुक्रवारचा चहा सुरू झाला. मी स्टोव्हवर ठेवायची, ते बाकावर बसून प्यायचे. निगेटिव्ह उजेडाकडे धरून मला सांगायचे, "ही पोरगी रडून आली होती ना?" आणि ते खरं असायचं. "हिचं मन नाही बघा या लग्नात." तेही खरं. मी म्हणायची, "तावडे, तुम्ही ज्योतिषी व्हायचं सोडून साकीनाक्याला कशाला काळोखात बसलात?" ते हसायचे. आणि एक सांगू? हसू नका. माझ्याशी बोलताना ते माझ्याकडे बघून बोलायचे. सावळ्या मुलीशी लोक बोलतात ते तिच्या बाजूच्या भिंतीकडे बघून. सात स्थळं झाल्यावर हे मला चांगलं कळत होतं. तावडे मात्र सरळ तोंडाकडे बघायचे.

मला ते आवडायला लागले. आवडायला लागले म्हणजे मंगळवारी सकाळपासून माझं कामात लक्ष नसायचं. वेणी दोनदा घालायची. एकतीस वर्षांची घोडी, आणि हे असं! बोलायचं कसं ते कळेना. त्या काळी आमच्यासारख्या घरातली मुलगी आपणहून बोलते, असं कुठे असायचं? आणि ते नाही म्हणाले तर? आठवा नकार, तोही अशा माणसाचा, ज्याला पुन्हा शुक्रवारी चहा द्यायचाय. तो मला झेपला नसता.

तेव्हा मी माझी युक्ती माझ्यासाठी वापरायची ठरवली. लाल साडी जगातल्या सगळ्या पुरुषांवर चालते, तर तावड्यांवर का नाही चालणार? मी फोटो काढून घेणार, निगेटिव्ह लॅबमध्ये जाणार, आणि तो फोटो उतरवणार कोण? तावडेच. काळोख्या खोलीत, कागदावर हळूहळू मी उमटणार, लाल साडीत. मग मंगळवारी येतील तेव्हा बघू काय बोलतात ते.

नानांना सांगितलं, आईचा हट्ट आहे, आणखी एक स्थळ आलंय. नानांनी माझ्याकडे बघितलं. "शेवटी तू पण नेसणार तर," एवढंच म्हणाले आणि दिवे लावायला गेले. पाठीमागचे बंद त्यांच्या बायकोनं बांधले. मी शेकडो मुलींना सांगितलं होतं हस गं, हस गं. त्या दिवशी मला कळलं, त्या स्टुलावर बसून हसणं किती कठीण असतं. पाकिटावर मी माझं नाव घातलं आणि खाली नेहमीसारखंच लिहिलं, साडी लाल हवी. अर्धी सवय आणि अर्धी भीती.

मंगळवारी तावडे आले, पण माझं पाकीट नव्हतं. "राहिलंय अजून," म्हणाले. त्यांचं काम कधी राहत नसे. शुक्रवारीही नाही. पुढच्या मंगळवारी आले ते बाकीची पाकिटं काउंटरवर ठेवून, एक वेगळं खिशातून काढून माझ्या हातात दिलं. आणि बाकावर न बसता उभेच राहिले. दुकानात घाटकोपरचं एक कुटुंब बसलं होतं, मुलगी, आई, मावशी. नाना पण होते.

मी फोटो बाहेर काढला. साडी लाल नव्हतीच. जुन्या कौलाचा असतो तसा मळकट विटकरी रंग. आणि चेहरा? चेहरा माझाच होता, सकाळी आरशात दिसतो तसाच. सावळा. नाकावर तेलकटपणा होता तोही दिसत होता. डोळ्यांखालचं काळं दिसत होतं. मला वाटलं, एवढं करून पुन्हा तीच मी. ह्या माणसासमोर तरी जरा बरी दिसणार होते ना!

मला रडू यायला हवं होतं, पण माझा स्वभाव मेला असा की रडू यायच्या आधी तोंड सुटतं.

"तावडे, काम येत नसेल तर तसं सांगा. लाल कुठे गेला? पाकिटावर एवढं लिहिलंय, वाचता येत नाही का?"

ते गडबडले. "बाई, जरा चेहरा बघा ना."

"चेहराच बघतेय. काळीकुट्ट केलीय मला. हा फोटो नको मला. घेऊन जा परत."

घाटकोपरच्या मावशी मान वाकडी करकरून फोटो बघायचा प्रयत्न करत होत्या. तावड्यांनी माझ्या हातातून फोटो घेतला. कडेनं धरला, बोटांचे डाग पडू नयेत म्हणून. पाकिटात घातला. "दुसरा काढून देतो," म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी दुसरा आला. झकास! साडी ओल्या कुंकवासारखी लाल, आणि मी गुलाबी, गोरी, भलतीच कोणीतरी. नानांची बायको म्हणाली, "बघा, काय उठून दिसतेय!" मी फोटो धरून तावड्यांकडे बघितलं. आता तरी काहीतरी बोलतील. नुसतं "छान आलाय" म्हणाले असते तरी पुरे होतं.

"आता बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. आता बरोबर आहे."

"बरं," म्हणाले. चहा ठेवला होता तो घेतला नाही. घाई आहे म्हणाले. त्यानंतर पाकिटं आणायला लॅबमधला दुसराच माणूस यायला लागला. मी एक महिना वाट पाहिली, दोन महिने पाहिली. मग समजले की आपल्यावर लालसुद्धा चालत नाही. विजयाला चाललं, हेमाला चाललं, आपल्या नशिबात नाही. आईनं पुढे एक-दोन स्थळांचं काढलं, तेव्हा मी तिच्यावर एवढी ओरडले की तिनं पुन्हा विषय काढला नाही.

दीडेक वर्षानं तावडे पत्रिका घेऊन आले. नानांना नमस्कार केला, मला पत्रिका दिली. "आईला फोटो पसंत पडला," म्हणाले, खाली बघून. "तुमच्याच स्टुडिओतला आहे." मुलगी त्या दिवशी दुकानात बसलेली ती घाटकोपरचीच निघाली. तिच्या निऱ्या मीच घातल्या होत्या, तिचे बंद मीच आवळले होते, आणि फोटो उतरवला होता तो ह्यांनीच, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. मी लग्नाला गेले. स्टीलचा डबा दिला, जिलबी खाल्ली, घरी येऊन झोपले. बायको चांगली मिळाली त्यांना, उगाच कशाला वाकडं बोला.

मग दशक संपत आलं तशी आमच्या धंद्याची हवा बदलली. बाजारात यंत्रं आली. निगेटिव्ह घातली की तासाभरात फोटो बाहेर. यंत्राला साडी कळेना आणि माणूसही कळेना, पण लोकांना घाई झाली होती. साकीनाक्याच्या लॅबनं हातानं फोटो उतरवणं बंद करायचं ठरवलं. नानांच्या जुन्या निगेटिव्ह तिथे पडून होत्या, त्या आणायला मला पाठवलं. मी बसनं गेले.

आत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. जिथे कायम काळोख असायचा त्या खोलीची दारं सताड उघडी होती. तावडे एकटेच बसून पाकिटं लावत होते. केस पांढरे व्हायला लागले होते. मला बघून उठले. समोरच्या टपरीवरून चहा सांगितला. नानांची चौकशी केली, मी त्यांच्या मुलीची केली, शाळेत जायला लागली म्हणाले. आणि मग मधेच थांबून म्हणाले,

"बाई, जुनी गोष्ट आहे. विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"तुमचा तो पहिला प्रिंट एवढा वाईट होता?"

कुठला, असं मी विचारलं नाही. "काळी दिसत होते मी त्यात," मी म्हटलं.

"तुम्ही दिसत होतात त्यात." ते पाकिटाची सुतळी बांधत होते, बांधायचे थांबले. "एरवी दोन पट्ट्यांत रंग जमतो मला. तुमच्या त्या एका फोटोला अकरा काढल्या. आठवडाभर काढत होतो. म्हटलं, साडी गेली तर जाऊ दे, ही बाई समोर बसून चहा देते तशी आली पाहिजे."

"मग तोंडानं का नाही बोललात, तावडे? एक शब्द?"

"काय बोलायचं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच मला लागलं. "मी तुम्हाला फोटो दिला. तुम्ही तो सगळ्यांसमोर परत केलात. आपल्याकडे फोटो परत करतात तेव्हा काय म्हणायचं असतं, ते तुमच्यासारख्या बाईला मी सांगायला हवं?"

मी म्हणाले, "अहो, मी फक्त लाल कमी होता म्हणून..." ते ओशाळून हसले. "जाऊ द्या, बाई. मी पण मूर्खच. विचारायला हवं होतं." मग निगेटिव्हचं गाठोडं त्यांनी स्वतः उचललं, मला बस-स्टॉपपर्यंत पोचवायला आले, आणि बस येईपर्यंत आम्ही नानांच्या डायबेटिसबद्दल बोलत उभे राहिलो.

बसमध्ये मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तावड्यांचा नाही, माझा. आयुष्यभर मी मुलींच्या आयांना छातीठोकपणे सांगत आले की पुरुषाला काही कळत नाही, त्याला फक्त लाल दिसतं. एका पुरुषाला मी दिसले होते. आठवडाभर काळोखात बसून त्यानं मला शोधून काढलं होतं, आणि कुणाचा हात लागू न देता खिशातून आणून दिलं होतं. आणि भरल्या दुकानात मी त्यालाच विचारत होते, लाल कुठे गेला म्हणून.